मराठी क्रियापदाचं पान: इंग्रजी शब्दजोड्या शिकण्याची एक पद्धत

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली बहुतेक मुलं पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. दहावीपर्यंत व्याकरण बऱ्यापैकी बसतं, शब्दही पुष्कळ जमतात. तरी ‘आय डिड अ मिस्टेक’, ‘बिग रेन केम’, ‘ओपन द फॅन’ ही वाक्यं कॉलेजातही ऐकू येतात. यांत काळ बरोबर, शब्द ओळखीचे आणि अर्थही ऐकणाऱ्याला कळतो. चुकते ती जोडी. इंग्रजीत चुकीसोबत ‘मेक’ येतं, पाऊस ‘हेवी’ असतो आणि पंखा ‘स्विच ऑन’ किंवा ‘टर्न ऑन’ करतात.

असंच का, याला व्याकरणात उत्तर नाही. आपल्याकडे तरी कुठे आहे? चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक. पाऊस मात्र मुसळधार. फोटो आपण काढतो, आणि हिंदी बोलणारा ‘फोटो खेचला’ म्हणाला की लगेच कानाला खटकतं. कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे प्रत्येक भाषेने वापरातून ठरवलेलं असतं. इंग्रजीत अशा जोडीला कोलोकेशन म्हणतात. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने 1933 साली टोकियोत या जोड्यांवर अहवाल काढला, तो जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याच्या कामातून. परक्या भाषेत अडणाऱ्यांना ही अडचण आधी दिसली, यात नवल नाही.

बाजारातल्या पुस्तकांत ‘मेक’खाली एक यादी आणि ‘डू’खाली दुसरी असते. संदर्भ बघायला ती चांगली. पण बोलायला तोंड उघडतो तेव्हा आपल्या मनात ‘मेक’ नसतं. ‘करणे’ असतं, ‘काढणे’ असतं, ‘लावणे’ असतं. चूक तिथे उगवते, म्हणून वहीही तिथूनच सुरू करावी असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी शब्दांची यादी बाजूला ठेवा आणि एका मराठी क्रियापदाला एक पान द्या.

वही कशी मांडायची

शंभर पानी साधी वही पुरते. पानाच्या माथ्यावर मराठी क्रियापद लिहा. डाव्या बाजूला मराठी वाक्य आणि उजवीकडे त्याच अर्थाचं इंग्रजी वाक्य, दोन्ही पूर्ण. नुसतं ‘मिस्टेक = मेक’ असं टिपून उपयोग नाही. ‘आय मेड अ मिस्टेक इन द बिल’ एवढं लिहा, कारण त्यातला ‘अ’ आणि ‘इन’ हेही त्या जोडीतच येतात. मराठीत ‘अ’, ‘द’ असे शब्द नसल्यामुळे आपल्याला त्यांचा नियम पाठ करावा लागतो, आणि ऐन वेळी तो आठवत नाही. जोडी अखंड उचलली की तेही सोबत येतात: ‘मेक अ मिस्टेक’मध्ये ‘अ’ आहे, ‘पे अटेन्शन टू’मध्ये नाही, ‘टेल द ट्रूथ’मध्ये ‘द’ आहे आणि खोटं बोलायचं तर ‘टेल अ लाय’.

पहिल्या पाच पानांना माथे द्या: काढणे, लावणे, करणे, देणे, घेणे. सहावं पान वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

‘काढणे’चं पान

सुरुवात याच क्रियापदाने करा, कारण इथे मराठीचा एक शब्द इंग्रजीत किती वाटांनी फुटतो ते लगेच दिसतं.

फोटो काढणे म्हणजे ‘टेक अ फोटो’. चित्र काढणे म्हणजे ‘ड्रॉ अ पिक्चर’. एटीएममधून पैसे काढणे ‘विथड्रॉ मनी’, बँकेतून कर्ज काढणे ‘टेक आउट अ लोन’, रजा काढणे ‘टेक लीव्ह’. तिकीट काढलं तर ‘बाय अ तिकीट’ किंवा ‘गेट अ तिकीट’. ‘रिमूव्ह अ तिकीट’ म्हटलं तर समोरचा गोंधळेल. दुसऱ्याच्या कामात चुका काढणे म्हणजे ‘फाइंड फॉल्ट विथ’. शिक्षक पेपर काढतात तेव्हा ते ‘सेट अ पेपर’ करतात. शिगम्याची मिरवणूक काढली तर आपल्याकडची वर्तमानपत्रं ‘टुक आउट अ प्रोसेशन’ लिहितात. तो भारतीय वापर आहे, बाहेर ‘हेल्ड अ प्रोसेशन’ जास्त चालतं.

‘वेळ काढणे’ इथे संदर्भ बघावा लागतो. कामातून तुमच्यासाठी वेळ काढला तर ‘आय मेड टाइम फॉर यू’. फेरीबोट यायची आहे आणि धक्क्यावर कसाबसा वेळ काढतोय, तर ‘आय वॉज किलिंग टाइम’. मराठी शब्द तोच, प्रसंग वेगळा आणि इंग्रजी जोडी पूर्ण निराळी. म्हणूनच डावीकडे एकटा शब्द न लिहिता वाक्य लिहायचं.

‘लावणे’चं पान

दिवा लावला, पंखा लावला, टीव्ही लावला: तिन्हीकडे ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’. पण देवापुढची समई लावली तर ‘लिट द लॅम्प’, कारण तिथे ज्योत आहे, बटण नाही. फोन लावणे ‘मेक अ कॉल’, उचलणे ‘आन्सर द फोन’ किंवा ‘पिक अप’, ठेवणे ‘हँग अप’. झाड लावणे ‘प्लांट अ ट्री’, मलम लावणे ‘अप्लाय ऑइंटमेंट’, चष्मा लावणे ‘पुट ऑन ग्लासेस’. चष्म्यात एक बारकावा आहे: डोळ्यांवर चढवण्याची क्रिया ‘पुट ऑन’, तो घालून वावरणं ‘वेअर’. मोपा विमानतळावर लोकांनी रांग लावली तर त्यांनी ‘फॉर्म्ड अ क्यू’. एखाद्याने कामाला फार वेळ लावला तर ‘ही टुक अ लाँग टाइम’.

‘करणे’ आणि ‘मेक-डू’चा घोळ

या पानाला दोन नव्हे, चार पानं ठेवा. मराठीत जवळजवळ कुठल्याही नामाला ‘करणे’ जोडता येतं, आणि ती सोयच इंग्रजीत नडते.

ढोबळ खूण अशी: काहीतरी नवं निर्माण होतं, आकाराला येतं तिथे ‘मेक’, काम, कर्तव्य, रोजची उठाठेव असते तिथे ‘डू’. म्हणून आवाज ‘मेक अ नॉइज’, प्रगती ‘मेक प्रोग्रेस’, प्रयत्न ‘मेक अॅन एफर्ट’, विनंती ‘मेक अ रिक्वेस्ट’, वचन ‘मेक अ प्रॉमिस’. तर गृहपाठ ‘डू होमवर्क’, भांडी ‘डू द डिशेस’, व्यायाम ‘डू एक्सरसाइज’, उपकार ‘डू समवन अ फेवर’. ही खूण दहापैकी सगळ्या वेळा लागू पडत नाही. अंथरूण आवरणं हे रोजचं काम, तरी ते ‘मेक द बेड’. हॉटेलात हाउसकीपिंगला लागलेल्या मुलामुलींनी ही एक जोडी पहिल्याच दिवशी पक्की करावी.

आणि कितीतरी ‘करणे’ या दोघांकडेही जात नाहीत. गुन्हा ‘कमिट अ क्राइम’. विक्रम ‘सेट अ रेकॉर्ड’. आंघोळ ‘हॅव अ बाथ’, अमेरिकेत ‘टेक अ बाथ’. पूजा ‘परफॉर्म अ पूजा’. पाहणी ‘कंडक्ट अ सर्व्हे’. लग्न केलं तर ‘गॉट मॅरीड’, आणि कुणाशी हे सांगायचं तर ‘मॅरीड टू’. आपल्या ‘शी’मुळे ‘विथ’ तोंडात येतं, ते टाळा. चर्चा केली तर नुसतं ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’, त्यात ‘अबाउट’ घालायचा नाही.

तक्रार करणे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. पाहुण्याने रिसेप्शनवर तक्रार केली तर ‘मेड अ कम्प्लेंट’. पोलीस ठाण्यात केली तर ‘लॉज्ड अ कम्प्लेंट’ किंवा ‘फाइल्ड अ कम्प्लेंट’. ‘लॉज’ला सरकारी वास आहे, तो पंचायतीच्या, पोलिसांच्या कागदांत शोभतो. तसंच रोजच्या बोलण्यात ‘से सॉरी’, पत्रात ‘ऑफर अॅन अपॉलॉजी’. अर्ज पंचायतीत दिला तर ‘सबमिटेड अॅन अॅप्लिकेशन’, परवानगी मिळाली तर ‘परमिशन वॉज ग्रँटेड’. अर्थ शोधताना ही पायरीही पाहा: आपण कुठे बोलतोय, कुणाशी बोलतोय.

देणं आणि घेणं

ही दोन पानं समोरासमोर ठेवा. परीक्षा देणे इंग्रजीत उलटं होतं: विद्यार्थी ‘टेक अॅन एक्झाम’ किंवा ‘सिट अॅन एक्झाम’, आणि परीक्षा घेणारं बोर्ड ‘होल्ड’ किंवा ‘कंडक्ट’ करतं. लक्ष देणे ‘पे अटेन्शन’, भेट देणे ‘पे अ व्हिजिट’. इथे देणं म्हणजे चक्क मोजून देणं. हात देणे ‘लेंड अ हँड’ किंवा ‘गिव्ह अ हँड’. इशारा देणे ‘इश्यू अ वॉर्निंग’, हवामान खात्याच्या बातमीत हे रोज दिसेल. गिऱ्हाईक ऑर्डर देतं ते ‘प्लेस अॅन ऑर्डर’, वेटर घेतो ते ‘टेक अॅन ऑर्डर’.

घेणेच्या बाजूला काळजी, शपथ आणि श्वास सरळ ‘टेक’ने जातात. बैठक घेतली तर ‘हेल्ड अ मीटिंग’. चहा घेतला तर ‘हॅड टी’. निर्णय ‘मेक अ डिसिजन’. ब्रिटिश वापरात ‘टेक अ डिसिजन’ही आहे, त्यामुळे आपलं ‘टेक’ इथे चुकीचं ठरत नाही.

सहावं पान: ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

मला ताप आला, मला सर्दी झाली, मला झोप लागली, मला नोकरी लागली. या वाक्यांत माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होतं. इंग्रजी मात्र माणसालाच कर्ता करते. ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय कॉट अ कोल्ड’, ‘आय फेल अस्लीप’, ‘आय गॉट अ जॉब’. भूक लागली तर ‘आय अॅम हंग्री’, सवय लागली तर ‘आय गॉट इंटू द हॅबिट’. माझी बस चुकली, इथे मराठीत चुकते बस. इंग्रजीत चुकतो मी: ‘आय मिस्ड द बस’. घराला आग लागली तर ‘द हाउस कॉट फायर’, काजूच्या बागायतीत आग भडकली तर ‘अ फायर ब्रोक आउट’.

माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त फरक हे एक पान पाडतं. ते शब्दांपेक्षा वाक्याची चालच बदलतं. म्हणून याला घाई करू नका. आठवडाभर फक्त स्वतःच्या शरीराबद्दल, प्रवासाबद्दल आणि कामाबद्दल ‘मला’ची वाक्यं जमवा आणि उलटवा.

विशेषणं: समुद्र, पाऊस, जेवण

क्रियापदांनंतर विशेषणं. इथे गोव्याचा रोजचा व्यवहारच पाठ्यपुस्तक आहे.

‘मोठा’ या शब्दाचं ‘बिग’ करायची सवय आधी मोडा. मोठा पाऊस ‘हेवी रेन’, मोठा आवाज ‘लाउड नॉइज’, खूप ताप ‘हाय फीव्हर’, मोठी गर्दी ‘लार्ज क्राउड’, वाहनांची गर्दी ‘हेवी ट्रॅफिक’, गंभीर चूक ‘सीरियस मिस्टेक’. वारा मात्र ‘हेवी’ होत नाही, तो ‘स्ट्राँग विंड’. पावसाचं ‘हेवी’ तर मोजलेलं आहे: भारतीय हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलीमीटर म्हणजे ‘हेवी’, 115.6 ते 204.4 म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. जूनमध्ये बातम्या वाचताना हे तीन शब्द ठरावीक अर्थाने येतात हे ध्यानात ठेवा.

खवळलेला समुद्र ‘रफ सी’, शांत समुद्र ‘काम सी’, भरती ‘हाय टाइड’, ओहोटी ‘लो टाइड’, पाण्याची ओढ ‘स्ट्राँग करंट’. पाळोळ्याला किंवा आगोंदला खोल्या भाड्याने देणाऱ्याला पावसाच्या तोंडावर हे सांगता आलंच पाहिजे: ‘द सी इज रफ टुडे. देअर आर स्ट्राँग करंट्स निअर द रॉक्स. प्लीज स्टे आउट ऑफ द वॉटर.’ तीन छोटी वाक्यं, जोड्या अचूक, कुणाचा जीव वाचू शकतो.

गोडं पाणी ‘स्वीट वॉटर’ नव्हे, ‘फ्रेश वॉटर’. खारं ‘सॉल्ट वॉटर’. कडक चहा ‘स्ट्राँग टी’, पाणचट चहा ‘वीक टी’. कडक उपास ‘स्ट्रिक्ट फास्ट’, कडक शिक्षा ‘हार्श पनिशमेंट’, कुरकुरीत उंडो (आपला गोल पाव) ‘क्रस्टी ब्रेड’. तिखट आमटी ‘स्पायसी’ म्हणा. ‘हॉट करी’ म्हटलं तर परदेशी पाहुण्याला गरम वाटू शकतं. दाट धुकं ‘थिक फॉग’, दाट जंगल ‘डेन्स फॉरेस्ट’, घट्ट मैत्री ‘क्लोज फ्रेंडशिप’. माणूस आणि इमारत ‘टॉल’, डोंगर ‘हाय’. वस्तू ‘एक्स्पेन्सिव्ह’ असते, किंमत ‘हाय’ असते.

दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवून

वहीची पानं स्वतःच्या डोक्यातून फार भरत नाहीत. ती भरायला गोव्यासारखी जागा नाही, कारण इथे एकाच दिवसाची एकच बातमी मराठीत आणि इंग्रजीत सहज मिळते. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 पासूनची परंपरा असलेलं. तिथे किंवा गावच्या वाचनालयात बसून ‘तरुण भारत’ आणि ‘नवहिंद टाइम्स’ शेजारी उघडा. संपूर्ण अंक वाचू नका. एक स्थानिक बातमी निवडा.

मासेमारी बंदीची बातमी घ्या. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी 1 जून ते 31 जुलै, अशी 61 दिवस असते. मराठी बातमीत बंदी घातली, अमलात आली, मोडली, उठवली अशी क्रियापदं सापडतील. इंग्रजीत त्यांच्या जागी ‘इम्पोज अ बॅन’, ‘कम इंटू फोर्स’, ‘व्हायोलेट द बॅन’, ‘लिफ्ट द बॅन’. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर नांगरले तर ‘ट्रॉलर्स वेअर अँकर्ड’. एका बातमीतून पाच-सहा जोड्या मिळाल्या की थांबा. त्या सगळ्या एकाच विषयाच्या असल्यामुळे एकमेकींना धरून आठवतात.

शंका आली तर कुठे पाहायचं

एखादी जोडी बरोबर की चूक हे नुसत्या गुगलच्या आकड्यांवरून ठरवू नका, ते आकडे अंदाजाचे असतात. दोन मोफत साधनं पुरेशी आहेत. ‘स्केल’ (SkELL) नावाचं संकेतस्थळ शब्दांचा वापर शोधून देणाऱ्या ‘स्केच इंजिन’वाल्यांनी शिकणाऱ्यांसाठीच केलं आहे, नोंदणी लागत नाही. त्यात ‘डिसिजन’ टाका, ‘वर्ड स्केच’ निवडा; त्या नामासोबत कुठली क्रियापदं आणि विशेषणं येतात ते समोर येतं. दुसरं म्हणजे गुगल बुक्सचा एनग्रॅम व्ह्यूअर. तिथे ‘मेक अ डिसिजन’ आणि ‘टेक अ डिसिजन’ स्वल्पविराम देऊन टाका, मग ब्रिटिश आणि अमेरिकी इंग्रजी आलटून पालटून निवडा. छापील पुस्तकांतला वापर आलेखात दिसेल. बोलीतलं त्यात कमी येतं, एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडचं इंग्रजी टाकून द्यायचं का?

‘आय हॅव अ डाउट’, ‘कट द कॉल’, ‘गिव्ह अॅन एक्झाम’, ‘डोन्ट टेक टेन्शन’, कदंब बसमधलं ‘गेट डाउन हिअर’. हे सगळं भारतभर चालतं आणि घरी, मित्रांत ते बोलण्यात काहीही कमीपणा नाही. पण जहाजावरच्या नोकरीची मुलाखत, परदेशी पाहुणे किंवा परदेशी जाण्यासाठीची आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा असेल तर दुसरी जोडीही हाताशी हवी: ‘आय हॅव अ क्वेश्चन’, ‘हँग अप’, ‘टेक अॅन एक्झाम’, ‘डोन्ट वरी’, ‘गेट ऑफ हिअर’. ‘डाउट’चा प्रश्न खरा आहे, कारण बाहेरच्या माणसाला तो अविश्वास वाटतो. आयईएल्टीएसच्या लेखनात आणि संभाषणात शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण असतात, आणि सातव्या बँडच्या, म्हणजे गुणांच्या सातव्या पायरीच्या, वर्णनात कोलोकेशनची जाण हा उल्लेख स्पष्ट आहे. वहीत अशा जोड्यांपुढे ‘घरचं’ आणि ‘बाहेरचं’ अशी खूण करा.

जोडशब्दांचा क्रम

मधे ‘अँड’ किंवा ‘ऑर’ असलेल्या जोड्यांचा क्रम ठरलेला असतो. काळं-पांढरं ‘ब्लॅक अँड व्हाइट’, देवाणघेवाण ‘गिव्ह अँड टेक’, नफा-तोटा ‘प्रॉफिट अँड लॉस’: हे जसेच्या तसे. पण कमी-जास्त इंग्रजीत ‘मोर ऑर लेस’ होतं, मागणी-पुरवठा ‘सप्लाय अँड डिमांड’ आणि रात्रंदिवस बहुधा ‘डे अँड नाइट’. उलटणाऱ्यांचीच नोंद करा, बाकीच्या आपोआप येतात.

पाठांतर नको, उलटा सराव

रोज उजवी बाजू हाताने झाका, डावीकडचं मराठी वाक्य वाचा आणि इंग्रजी मोठ्याने म्हणा. जे अडलं त्यापुढे टिंब. दुसऱ्या दिवशी फक्त टिंबवाली वाक्यं, आठवड्याने पुन्हा सगळं पान. टिंबं कमी झाली की त्याच जोडीचं नवं वाक्य करा, या वेळी स्वतःच्या दिवसातलं: दुकानातलं, कार्यालयातलं, फेरीबोटीतलं. वाक्य आपलं असलं की जोडी पक्की बसते.

पहिली सहा पानं हाताखाली आली की पुढची क्रियापदं तुम्हीच निवडा. ‘धरणे’ घ्या: उपास धरला ‘केप्ट अ फास्ट’, मनात राग धरला ‘हेल्ड अ ग्रज’, बस धरली ‘कॉट द बस’. मग ‘सोडणे’: उपास सोडला ‘ब्रोक द फास्ट’, नोकरी सोडली ‘क्विट द जॉब’, सिगारेट सोडली ‘गेव्ह अप स्मोकिंग’, गाडीने घरी सोडलं ‘ड्रॉप्ड मी होम’ आणि पावसाळ्यात अंजुणे धरणाचं पाणी सोडलं तर ‘वॉटर वॉज रिलीज्ड फ्रॉम द डॅम’.